धागा मजबूत, पण कशामुळे?

रोगप्रतिकारक वाणाचा धागा मजबूत असतो, हे वाक्य यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत सहज उतरू शकते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

मुळात प्रतिकारक कोणत्या रोगाला? आपल्याकडचा मर रोग देशी कपाशीला गाठतो. अमेरिकन कपाशी त्यातून सहसा सुटते. 2002 साली मान्यता मिळालेली बीटी कपाशी बोंडअळीसाठी आहे, आणि अळी म्हणजे रोग नव्हे!

आता धागा पाहू. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबट पेशी. फूल उमलल्यावर सुमारे तीन आठवडे ती लांब होते. मग तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर भरू लागतात. नेमक्या याच काळात दह्या रोगाने पाने गळाली, तर थर पातळ राहतात. असा अपक्व तंतू चटकन तुटतो. हमीभावाच्या खरेदीत लांबीबरोबर मायक्रोनेअरही पाहतात, आणि अपक्व तंतूंचा मायक्रोनेअर कमी भरतो. म्हणजे फटका शेतकऱ्याच्या खिशाला.

पण ताकद हा प्रामुख्याने वाणाचा आनुवंशिक गुण आहे. रोगप्रतिकार तो गुण देत नाही. झाड निरोगी ठेवून तो पुरता उतरू देतो, इतकेच. म्हणून एका वाणाची रोगट झाडे आणि दुसऱ्या वाणाची निरोगी झाडे यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. वाण एकच हवे, शेत एकच हवे आणि बोंडे एकाच वयाची हवीत. त्यासाठी एकाच दिवशी उमललेल्या फुलांच्या देठांना रंगीत दोरे बांधून ठेवावेत.