मूळ आवाज ऐकायचा कुठे?

घरची ध्वनियंत्रणा चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून? एक जुनं आणि आम्हाला पटणारं उत्तर असं, की माइक-स्पीकरशिवाय प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्याचा आवाज हीच कसोटी. अमेरिकेत हॅरी पिअर्सन यांनी १९७३ साली याच भूमिकेवर नियतकालिक काढलं आणि त्याचं नावच 'द ॲब्सोल्यूट साउंड' ठेवलं. कसोटी बरोबरच आहे. आमची तक्रार आहे ती लावण्याच्या पद्धतीबद्दल.

याबाबत एडिसनच्या 'टोन टेस्ट' आठवण्यासारख्या आहेत. १९१५ पासून पुढची काही वर्षं त्यांच्या कंपनीनं अमेरिकेत गावोगाव हे जलसे केले. मंचावर फोनोग्राफ आणि शेजारी गायिका. गाता गाता ती ओठ मिटायची, यंत्र गात राहायचं. श्रोत्यांना फरक कळला नाही, असा डंका पिटला गेला. आता ते ध्वनिमुद्रण विजेचं नव्हतं, कर्ण्यातून केलेलं होतं. खर्जाचा आणि तीव्र उपस्वरांचा बराच भाग त्यात उतरतच नसे. मग लोक फसले कसे? त्या जलशांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगून टाकलं, की आपण आवाज यंत्राच्या बेतानं ठेवत होतो. म्हणजे नक्कल मुळापर्यंत चढली नव्हती. मूळच खाली उतरलं होतं.

आज आपल्याकडे तरी वेगळं काय चाललंय? मोठ्या मंडपातल्या मैफलीत गळ्याला माइक, तबल्याला माइक, तंबोऱ्यालाही माइक. आपण म्हणतो, 'प्रत्यक्ष ऐकून आलो.' पण ऐकलेले असतात स्पीकरच! त्यांच्या आठवणीवर घरचा स्पीकर पारखायचा, म्हणजे एका नकलेवरून दुसरी नक्कल तपासायची.

म्हणून आम्ही सुचवतो, की सुरुवात तंबोऱ्यापासून करा, आणि तीही खोलीत बसून, माइकशिवाय. जवारी नीट लागलेली असली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो, तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच रुंद, वक्र घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर नेहमीच्या नियमानं उमटायला नको; तंबोऱ्यात मात्र तो ऐकू येतो. आता घरी तंबोऱ्याचं चांगलं मुद्रण लावा. गंधार तसाच आतून उमलतो का, की नुसती धातूची झणझण कानावर येते? दुकानात पहिली पाच मिनिटं ही झणझण फार 'स्पष्ट' वाटते. तिथेच फसायला होतं.

दुसरी परीक्षा डग्ग्याची. मनगटाच्या दाबानं त्याचा घुमारा वर-खाली सरकतो. ढिसाळ स्पीकरवर प्रत्येक घुमारा एकाच उंचीचा, नुसता 'धम्म' येतो.

आणि आवाजाची पातळी मुळाच्या जवळ ठेवा. हळू आवाजात कानाला खालचे स्वर तुलनेनं कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलंय. पातळी बदलली तर निकालही बदलतो.

कुणी म्हणेल, मुद्रण करणाऱ्यानं माइक कुठे ठेवला, घुमारा किती मिसळला, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? आक्षेप रास्त आहे. म्हणून एकाच मुद्रणावर निकाल देऊ नये. निरनिराळ्या ठिकाणची पाच-सहा घ्यावीत. सगळ्यांत एकच दोष दिसला, तर तो आपल्या यंत्राचा किंवा खोलीचा. आणि मैफलीतली आपली जागा घरात हुबेहूब मिळेल, ही अपेक्षा सोडावी. नाद, आघात आणि विरणं, एवढं पारखता आलं तरी पुष्कळ.

यंत्रं सुधारतील, त्याची चिंता नाही. पण माइकशिवायचा तंबोरा ऐकलेले कानच उरले नाहीत, तर यंत्र जे देईल त्यालाच आपण मूळ म्हणू. मग चूक दाखवणार कोण? तेव्हा नवा स्पीकर घेण्याआधी, जिथे गाणं शिकवलं जातं अशा एखाद्या घरात तासभर बसून या. त्याला पैसे पडत नाहीत.