‘देऊळ’: खोटं कुणीच बोलत नाही
श्रद्धेच्या बाजारावर सिनेमा काढायचा म्हटलं की एक लबाड बुवा आणि त्याच्यामागे भाबडी जनता, एवढ्यावर भागतं. उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (2011) असा बुवाच नाही, आणि या चित्रपटाचं मोठेपण मला तिथंच दिसतं.

मंगरूळचा केश्या गुरं राखतो. त्याची लाडकी करडी गाय हरवते. तिला शोधून दमलेला केश्या भर उन्हात एका झाडाखाली आडवा होतो आणि त्याला दत्त दिसतो. मग तो ओरडत जो गावाकडे सुटतो, ते धावणं नीट बघा. केश्या साकारणाऱ्या गिरीश कुलकर्णींनी त्यात आनंद आणि भीती एकत्र आणली आहे. हा माणूस बनाव करतोय असं क्षणभरही वाटत नाही.

आता दत्ताची तसबीर आठवा. तीन शिरं, पायाशी कुत्री, मागे औदुंबर आणि पाठीशी उभी गाय. गाईसाठी जीव टाकणाऱ्या गुराख्याला दिसायचा तर हाच देव दिसणार. पटकथा लिहिणाऱ्या गिरीश कुलकर्णींनी देवाची निवड किती विचारानं केली आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना जास्त कळतं. दर्शन खरं की उन्हाची भूल, याचा निवाडा चित्रपट करत नाही. त्यामुळे हसू येतं ते केश्याच्या भक्तीचं नव्हे, तिचं पुढे जे होतं त्याचं.

दिलीप प्रभावळकरांचे अण्णा त्याला सांगतात, हे तुझ्यापुरतं ठेव. पण तोवर गोष्ट गावाची झालेली असते. पत्रकाराला बातमी हवी असते, रिकाम्या पोरांना काम, पुढाऱ्यांना मतं. प्रत्येकाचं कारण समजण्यासारखं आहे, म्हणूनच अंगावर येतं. गावात दवाखाना व्हावा म्हणून अण्णांनी केलेली धडपड बाजूला पडते आणि देवळाची वर्गणी सुरू होते. नाना पाटेकरांचे पुढारी भाऊ गळंदे आधी देवळाला तयार नसतात. नंतर वारा ओळखतात आणि पुढे होतात. भाऊंना अण्णांबद्दल आदर आहे, तरी ते अण्णांचं ऐकत नाहीत. या दोघांच्या बैठका चित्रपटातला सर्वांत कसदार भाग आहेत. आवाज कुणीच चढवत नाही आणि दवाखाना हातचा जातो.

देऊळ उभं राहिल्यावर दुकानं, रांगा, कर्णे, गाणी असं सगळं येतं. इथे चित्रपट थोडा पसरतो. नसीरुद्दीन शाह यांचा छोटा प्रवेशही मला उपराच वाटला. पण केश्याची घुसमट सुटत नाही. ज्याच्या दर्शनावर हे सगळं उभं राहिलं, त्यालाच आपला देव तिथे सापडेनासा होतो. शेवटी तो मूर्ती उचलतो आणि नदीत सोडून देतो. चोरी म्हणावी असं हे कृत्य साऱ्या चित्रपटातली सर्वांत निर्मळ पूजा आहे. गाव मात्र थांबत नाही. दुसरी मूर्ती येते, पुन्हा वाजतगाजत. एकदा व्यवहार बसला की त्याला कोणती मूर्ती आहे याच्याशी कर्तव्य उरत नाही, हे दिग्दर्शकानं भाषण न देता दाखवलं आहे.

उमेश आणि गिरीश कुलकर्णी या जोडीच्याच ‘वळू’मध्येही (2008) एका जनावराच्या निमित्तानं गाव उलगडलं होतं. तिथला विनोद मोकळा होता, इथला बोचतो. ‘देऊळ’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ ‘ब्यारी’बरोबर विभागून मिळालं, गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादांचाही पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारासाठी म्हणून तो बघू नका. पुढच्या वेळी एखाद्या नव्यानं प्रसिद्ध झालेल्या देवस्थानाला जायचा बेत ठरला, तर निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या सगळ्यांनी मिळून बघा.