कारंज्याचे पाणी, हौदाचे पाणी

पुण्यातील पेशवेकालीन वाड्यांवर लिहिताना आपली लेखणी बहुधा तटबंदीपाशीच थबकते. शनिवारवाडा म्हटला की दिल्ली दरवाजा, १७७३ मधील नारायणरावांचा खून आणि १८२८ ची आग, एवढ्यात इतिहास आटोपतो. या वाड्याला आणि भोवतीच्या बागांना पाणी कुठून येत होते, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहतो.

१७३० मध्ये पायाभरणी झालेला वाडा मुठेच्या काठी असला, तरी नदी खाली आणि वाडा वर. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथून भूमिगत नळ शहरात आणला गेला. मोट नाही, रहाट नाही. सारा भरवसा उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले. सवाई माधवरावांसाठी घडवलेले कमळाकृती हजारी कारंजे याच पाण्यावर उडे आणि काळ्या हौदावर लोकांच्या घागरीही याच पाण्याने भरत. वाड्याचे वैभव आणि पेठेची तहान एकाच नळावर होती. म्हणून वाड्याचा इतिहास तटाच्या आत संपत नाही.

पण याचे गोडवे गाऊन थांबणेही खरे नव्हे. पाणी सर्वांच्या जमिनीखालून वाहत असले, तरी ओंजळ सर्वांची चालत नव्हती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या कृतीचे मोल कळायचे, तर शहराच्या पाण्याचा हा आधीचा इतिहास ठाऊक हवा. वाड्यांच्या वर्णनात हौद आला नाही, की फुल्यांचा हौद एकाकी प्रसंग वाटू लागतो.

बागांची कथाही पाण्याचीच. पर्वतीच्या पायथ्याचे तळे, त्यातल्या बेटावरची सारसबाग, काठावरचा हिराबाग. पुढे तळे आटवले गेले. आज तळ्याच्या जागी सारसबाग पसरली आहे. गणपती मात्र अजूनही ‘तळ्यातला’च आहे. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग ही नावे उरली, झाडे गेली. पुणेकरांच्या बोलण्यातच हा नकाशा शिल्लक आहे.

शनिवारवाड्याला कुंपण आहे, तिकीट आहे. जमिनीखालच्या नळाला दोन्ही नाहीत. संशोधकांनी आता तट सोडून उताराच्या वाटेने चालायला हवे. वाडा कोणी बांधला, हे तटावरून कळेल. त्या शहरात कोणाला किती जागा होती, हे पाणीच सांगेल.