वानरांचे वानरपण

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वानरांच्या टोळ्यांतील संघर्षाची ही कथा, शीर्षकामुळे, मानवी राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह सहज होतो. असे वाचन निराधार नाही. पण त्यात वानर केवळ निमित्तापुरते उरते. जंगलातून सरपण न्यावे तसा वाचक आपल्या उपयोगाचा अर्थ तेवढा घेऊन जातो. टोळीचा ताबा घेणारा नवा नर पुष्कळदा आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे प्राणिशास्त्राने नोंदवलेले वर्तन आहे. त्याला क्रौर्य म्हणणे हा मानवी नीतीचा आरोप होय. माडगूळकरांचे निवेदन तो टाळते. ते पाहते, निवाडा करीत नाही. बालकवींच्या कवितेत सृष्टी कविमनाशी एकरूप झाली होती. येथे ती माणसावाचूनही पूर्ण आहे. पर्यावरणाच्या आजच्या अरिष्टात या अलिप्ततेचे मोल वाढले आहे. निसर्ग आपल्या गरजेपोटी राखावा असे म्हणणारा माणूस अजून स्वतःला त्याचा मालकच समजत असतो. वानराला वानर म्हणून पाहावयास लावणारी ही कलाकृती त्या मालकीच्या भावनेलाच छेद देते.