पूर्वरंग किती लांबावा?

कलाकृतीच्या आरंभाविषयीचा वाद आपल्याकडे नवा नाही. नवे आहे ते केवळ त्याचे निमित्त. यंदाच्या जत्रांच्या दिवसांत कोरगावी आमच्या घरी तो उभा राहिला, तो एका व्हिडिओ गेमवरून. आमचा भाचा आदल्या रात्री दहीकाल्यास आमच्याबरोबर बसला होता. गणपती येऊन गेला, शारदा येऊन गेली, संकासुराची बडबड सुरू झाली, तशी त्याची चुळबूळ वाढली आणि त्याने विचारले, "मामा, नाटक केन्ना सुरू जातलें?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी परस्पर उत्तर दिले, "आदीं देव येवंदी मरे, मागीर राजा येतलो." मुलगा गप्प बसला, पण त्याला ते पटले नव्हते. दुसऱ्या दिवशी हाच मुलगा पडद्यावरच्या बर्फातून एक थकलेला घोडा हाकीत दीड तास बसला. त्या दीड तासात म्हणण्यासारखे फारसे घडले नाही, आणि त्याविषयी त्याची तक्रारही नव्हती.

या विसंगतीला हसणे सोपे आहे. आमच्या पिढीने तरी दुसरे काय केले? संकासुरासाठी आम्ही तासभर जागतो आणि मुलांच्या खेळातील संथ आरंभास वेळेचा अपव्यय म्हणतो. म्हणून प्रश्न नीट मांडला पाहिजे. लांब आणि संथ आरंभाने खेळ सुधारतो की बिघडतो? 'खेळ' हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. मराठीत नाटकाचाही खेळच होतो.

प्रथम आपल्या अंगणातील गोष्ट पाहू. दशावताराच्या आरंभभागास आडदशावतार म्हणतात. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने सूत्रधार नमन गातो. ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो. मग शारदा येते. पुढे वेद पळविणारा संकासूर आणि अखेर त्याचा वध करणारा विष्णू. हे सारे झाल्यावर त्या रात्रीचे आख्यान लागते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्या परंपरेच्या नाटकांतही सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती हा क्रम होताच. आख्यानाशी या भागाचा कथेच्या दृष्टीने काही संबंध नसतो. तरीही तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, याची कारणे शोधावी लागतात.

एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. पालखीची प्रदक्षिणा आटोपून, घरची कामे उरकून, वाड्यावाड्यांतून माणसे येत असतात. राजाचे पात्र अजून रंगपटात तोंडाला रंग लावीत असते. सर्वांना जमण्यास अवकाश हवा असतो आणि तो आडदशावतार देतो. पण याहून मोठे कारण भाषेचे आहे. आख्यानातील राजा, ऋषी आणि देव भारदस्त मराठीत बोलतात. संकासूर मात्र आपल्या बोलीत बोलतो, समोर बसलेल्यांची थट्टा करतो, प्रेक्षकांतून आलेल्या शब्दाला जागच्या जागी उत्तर देतो. घरची बोली आणि पुराणातील भाषा यांच्यामध्ये तो साकव घालतो. त्या साकवावरून चालत गेलेला प्रेक्षक पुढच्या राजसभेत परका राहत नाही. म्हणजे या आरंभात प्रेक्षकाच्या हाती काही तरी पडते, आणि तो स्वतःही काही करतो: हसतो, बोलतो, उत्तर देतो.

आता भाच्याच्या खेळाकडे वळू. त्याचे नाव 'रेड डेड रिडेम्प्शन २'. रॉकस्टार गेम्सने तो २०१८ साली प्रसिद्ध केला. काळ १८९९ चा, देश अमेरिका. फसलेल्या दरोड्यानंतर डच नावाच्या म्होरक्याची टोळी हिमवादळातून पळत आहे, आणि खेळणारा त्या टोळीतील आर्थर मॉर्गन होऊन त्यांच्याबरोबर चालतो. या पहिल्या प्रकरणात मनास येईल तिकडे भटकण्याची मुभा नाही. पाय बर्फात रुततात, चाल मंद होते, अन्न संपत आलेले असते. दुसऱ्या प्रकरणात बर्फ सरतो आणि विस्तीर्ण मुलूख मोकळा होतो. पुढे कित्येक तासांनी टोळी फुटू लागते, डचच्या शब्दाचा पोकळपणा उघडा पडतो. तेव्हा खेळणाऱ्याला जे दुःख होते त्याचे मूळ त्या बर्फातील एकत्र काढलेल्या रात्रींत असते. हा आरंभ काढून टाकला, तर शेवट दुबळा होईल. येथे संथपणा हाच आशय आहे. थकवा नुसता सांगितलेला नाही, तो हातांना जाणवून दिला आहे.

परंतु एवढ्यावरून प्रत्येक लांब आरंभास शाबासकी देता येत नाही. निन्तेन्दोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' या २००६ सालच्या खेळाचा नायक एका खेड्यातील गुराखी आहे. तो शेळ्या वळतो, मासे धरतो, गावातील मुलांत रमतो. मग ती मुले पळविली जातात. कल्पना सुंदर आहे, कारण जी मुले शोधायची ती आपल्या ओळखीची झालेली असतात. पण त्या गावातील निम्मी कामे म्हणजे कोणते बटन केव्हा दाबावे याची शिकवणी आहे. तिला कामाचा वेष चढवून वेळ काढला आहे. 'फायनल फँटसी १३' या २००९ च्या खेळात तर कित्येक तास एकाच अरुंद मार्गाने पुढे जात राहावे लागते, आणि लढण्याच्या रीतीही थेंबाथेंबाने दिल्या जातात. येथे आरंभ ही मांडणी राहत नाही. ती अडवणूक होते. शिकवणीच द्यायची असेल, तर १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' पाहावा. त्याची पहिलीच पायरी एक शब्द न बोलता, पहिल्या शत्रूला समोर आणून, उडी मारणे शिकविते.

थोडक्यात केलेला आरंभही खोल जातो, हे संस्कृत नाटकाच्या वाचकांस सांगावयास नको. 'शाकुंतला'ची प्रस्तावना लहानशी आहे. नटीच्या गाण्याने भारलेला सूत्रधार कोणते नाटक करावयाचे तेच विसरतो, आणि पुढच्या सात अंकांचे विस्मरणाचे बीज तेथेच पेरले जाते. 'द लास्ट ऑफ अस' या २०१३ च्या खेळानेही असेच केले. आरंभी खेळणारा बापाच्या भूमिकेत नसून त्याच्या लहान मुलीच्या भूमिकेत असतो. सुमारे पाव तासात ती मुलगी मरते, आणि पुढे वीस वर्षांनंतरच्या त्या बापाचा कडवटपणा कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न ठाऊक होता. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची एकोणीस अंगे सांगितली आहेत. नऊ पडद्याआड करावयाची आणि दहा पडद्याबाहेर. इतका विस्तार सांगणारे भरतमुनी त्याच अध्यायात बजावतात, की गीत, वाद्य आणि नृत्य यांचा अतिरेक झाला तर नट थकतात आणि प्रेक्षकही थकतात, आणि थकलेल्यांना पुढील भावरसांचा नीट आस्वाद घेता येत नाही. पूर्वरंगाचे मोल त्यांनी त्याच्या लांबीवर ठरविले नाही. पुढील रसासाठी मन ताजे राहते की नाही, यावर ठरविले.

व्हिडिओ गेमला ही मर्यादा आमच्या अंगणापेक्षाही कडक लागू पडते. दहीकाल्यात उशिरा येता येते, डुलकी काढता येते, चहाला उठता येते. संकासूर कोणासाठी अडत नाही. खेळणारा मात्र आधीच येऊन बसलेला असतो, आणि तो थांबला की खेळही थांबतो. माणसे जमेपर्यंत वेळ काढण्याची सबब तेथे चालत नाही. शिवाय पैशाचाही प्रश्न आहे. 'स्टीम' या मोठ्या विक्रीपेढीच्या २०१५ पासूनच्या नियमानुसार, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असेल, तर खेळ परत करून पैसे मागता येतात. ज्याचा आरंभच दोन तासांचा, तो खेळ आवडला की नाही हे ठरण्यापूर्वीच ग्राहकाचा हक्क संपतो.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. असुरांनी पळविलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू: अशी ही आपल्या मातीतील मांडणी. बाहुल्यांच्या खेळासारखी कथनदृश्ये मोहक आहेत. परंतु भाऊ इतक्या लवकर नाहीसा होतो, की त्याच्याशी आमचा स्नेह जमलेलाच नसतो. पुढे बहिणीची तळमळ आम्हांस कळते, पण ती आमची होत नाही. भावंडांबरोबर घटकाभर निवांत घालविता आली असती, तर हा खेळ अधिक मोठा झाला असता. संथ आरंभ हवा होता तो येथे.

तेव्हा आमचा निर्णय असा: आरंभ काढून टाकला असता पुढचे काही फिके पडते काय, आणि तो चालू असताना समोरच्या माणसाला काही करावयास मिळते काय, हे दोन प्रश्न विचारावेत. दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल, तर तासभराचा आरंभही जड होत नाही. नकारार्थी असेल, तर पाच मिनिटेही जास्त होतात.

आणि याच न्यायाने आम्ही घरच्या वादाकडे पुन्हा पाहिले. स्पर्धांत आणि वेळेच्या बंधनातील प्रयोगांत हल्ली नमन व गणपती एवढ्यावरच आडदशावतार आटोपलेला दिसतो. ही हानी आहे. संकासूर गेला की साकव गेला. परंतु भाचा ज्या रात्री कंटाळला, त्या रात्रीचा संकासूर गावाशी एक शब्दही बोलला नव्हता. सिनेमातील शिळ्या विनोदांवर त्याने वेळ निभावून नेली होती. वृद्ध गृहस्थ परंपरेविषयी बोलत होते आणि ते खरे होते. मुलगा त्या रात्रीविषयी बोलत होता आणि तोही खरा होता. देवस्थानांच्या मंडळींनी कंपनीला आमंत्रण देताना "लवकर आटपा" असे सांगू नये. "संकासूर आमच्याशी बोलूं दी" असे सांगावे. मग नाटक केव्हा सुरू होणार, हा प्रश्न मुले विचारणार नाहीत. ते सुरू झालेलेच असेल.