डार्विनची गांडुळे आणि आपली माती

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे.' हे वाक्य शाळेत पाठ केले नाही असा माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. परीक्षेत त्याला एक गुण मिळतो आणि गांडुळाशी असलेला आपला संबंध तिथेच संपतो. या वाक्याला भक्कम शास्त्रीय आधार दिला तो चार्ल्स डार्विनच्या एका पुस्तकाने. गांडुळांच्या हालचालींमुळे सुपीक माती कशी तयार होते, हा त्याचा विषय. ते १८८१ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी डार्विनचे निधन झाले. हे पुस्तक आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. त्यातून आपण जे उचलले त्यापेक्षा मोलाचे असे बरेच काही त्यात शिल्लक आहे, आणि जे उचलले ते मात्र थोडे तपासून घ्यायला हवे, असे आमचे मत झाले.

या विषयावरचा पहिला निबंध डार्विनने १८३७ मध्येच लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे वाचला होता. कुरणावर पसरलेली राख आणि चुनखडी काही वर्षांनी जमिनीखाली गेलेली दिसते, ही गोष्ट त्याच्या मामाने त्याच्या नजरेस आणून दिली होती. डार्विनने १८४२ च्या डिसेंबरात घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षे वाट पाहिली. १८७१ मध्ये चर खणला, तेव्हा ते तुकडे ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर खोल सापडले. वर्षाला साधारण ६ मिलिमीटर! तुकडे स्वतःहून बुडाले नव्हते. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकल्यामुळे ते झाकले गेले होते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी दरवर्षी १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशोब होता.

पुस्तकातला सर्वांत आनंददायक भाग गांडुळांच्या सवयींचा आहे. गांडुळांना ऐकू येते का? त्यांच्याजवळ पियानो वाजवला, शिट्टी फुंकली. ती ढिम्म राहिली. मग कुंडीच पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तशी ती झटकन बिळात शिरली. म्हणजे आवाज नव्हे, कंपन कळते. एका मातीच्या कुंडीत इतका सुंदर प्रयोग होऊ शकतो, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

१८६९ मध्ये फिश नावाच्या एका गृहस्थाने आक्षेप घेतला होता, की एवढासा दुबळा प्राणी एवढे प्रचंड काम करूच शकणार नाही. डार्विनच्या मते ही चूक नेहमीचीच आहे. सतत घडणाऱ्या लहान गोष्टींची बेरीज माणसाला करता येत नाही. आमच्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा हाच आहे. उत्क्रांती शिकवताना विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. त्यांना हे पुस्तक मदत करते.

आता उणिवा. प्राचीन अवशेष जमिनीत कसे गाडले गेले याची वर्णने फार लांबली आहेत. मातीतल्या जिवाणूंचे ज्ञान तेव्हा बाल्यावस्थेत असल्यामुळे माती घडवण्यातला त्यांचा वाटा पुस्तकात जवळजवळ नाहीच. महत्त्वाची मर्यादा मात्र वेगळी आहे. डार्विनने कलकत्ता आणि निलगिरी इथूनही गांडुळांच्या विष्ठेचे नमुने व माहिती मिळवली होती. तरी पुस्तकातली जमीन मुख्यतः इंग्लंडची, ओलसर आणि गवताळ आहे. दख्खनच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत घसरते आणि पावसाळ्यात माती फुगून आतल्या आत ढवळली जाते. कोरड्या प्रदेशांत मातीची उलथापालथ करण्यात वाळवी आणि मुंग्यांचा वाटा मोठा असतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात मुंग्या व वाळवी असलेल्या शेतात गव्हाचे उत्पन्न ३६ टक्क्यांनी अधिक आल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण मात्र वाळवीला फक्त 'शत्रू' या रकान्यात टाकतो.

'मित्र'सुद्धा सर्वत्र मित्र नसतो. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगानंतर स्थानिक गांडुळे उरली नव्हती. युरोपातून आलेली गांडुळे तिथल्या जंगलातला पालापाचोळ्याचा थर फस्त करतात आणि त्यावर वाढणारी रोपे धोक्यात येतात.

शिक्षकांच्या शिबिरात आम्हाला हमखास विचारले जाते, 'गांडूळखताची गांडुळे विकत आणून शेतात सोडली तर?' ती गांडुळे कुजणाऱ्या पाल्यात आणि शेणात राहणारी. खोल उभी बिळे करणारी डार्विनची गांडुळे वेगळी. गांडूळखत उपयोगी आहेच. पण उघड्या, तापलेल्या रानात पाल्यातली गांडुळे तग धरत नाहीत. २०१४ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गांडुळांमुळे उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. शेतात पिकांचे अवशेष जितके अधिक परत जातात तितका हा लाभ वाढतो, आणि जमिनीत नत्र आधीच भरपूर असेल तर तो नाहीसा होतो.

याचा अर्थ सरळ आहे. गांडूळ ही बाहेरून घालायची वस्तू नाही. उसाचे पाचट जाळायचे, जमीन वारंवार नांगरायची, वर कीटकनाशक ओतायचे आणि मग पिशवीतून 'मित्र' आणायचे, यात त्या पाठ केलेल्या वाक्याचाही दोष आहे. ते एका प्राण्याचे नाव सांगते. त्याला अन्न, ओल आणि सावली लागते हे सांगत नाही. गोम, शेणकिडे, सूत्रकृमी, डोळ्यांना जेमतेम दिसणारे स्प्रिंगटेल या सगळ्या बिऱ्हाडाचा तर त्यात उल्लेखही नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पावसाळ्यात शाळेच्या आवारात एक चौरस मीटर जागा आखावी आणि शेवयांसारखे दिसणारे गांडुळांच्या विष्ठेचे ढिगारे दर आठवड्याला गोळा करून, वाळवून तोलावेत. शेजारच्या नांगरलेल्या रानातही तेच करावे. आकडे डार्विनशी जुळले नाहीत तर उत्तमच. ते का जुळले नाहीत हे मुलांना शोधू द्यावे. परीक्षेतल्या एका गुणापेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल.