'टेन्शन' : एका शब्दाचे शारीर आणि मानसिक अर्थ

बीजसंज्ञा : टेन्शन, ताण, लक्षणा, अर्थांतर, बोलीभाषा.

प्रस्तावना :

मराठीच्या दैनंदिन व्यवहारात स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दांमध्ये 'टेन्शन' या शब्दाचे स्थान वेगळे आहे. टेबल, बस, मोटार, पेन हे शब्द त्या त्या वस्तूंबरोबर आले. वस्तू नवी होती, म्हणून शब्दही नवा स्वीकारावा लागला. 'टेन्शन' मात्र कोणत्याही वस्तूबरोबर आलेला नाही. काळजी, घोर, धास्ती या अवस्था मराठी माणसाला पूर्वीपासून परिचित होत्या आणि त्यांना नावेही होती. तरीही आज कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील बाजारात, एस.टी. स्थानकावर किंवा महाविद्यालयाच्या आवारात "लय टेन्शन आलंय" हे वाक्य सहज कानी पडते. अशा शब्दांचा विचार आपल्याकडे बहुधा भाषाशुद्धीच्या अंगाने केला जातो. परका शब्द म्हणून तो टाळावा की रूढ झाला म्हणून स्वीकारावा, एवढ्यावरच चर्चा थांबते. प्रस्तुत लेखात मात्र या शब्दाच्या शारीर आणि मानसिक अर्थांचा परस्परसंबंध तपासून, मराठीत येताना त्यातले काय आले आणि काय मागे राहिले, याची चिकित्सा केली आहे.

शब्दाचे मूळ व अर्थविस्तार :

इंग्रजीतील 'टेन्शन' हा शब्द 'ताणणे' या अर्थाच्या लॅटिन 'टेन्डेरे' या क्रियापदापासून आलेला आहे. संस्कृतमधील 'तन्' धातूचा अर्थही ताणणे, पसरणे असाच आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही धातू एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. तंतू, तंत्र, संतान, गायनातील तान आणि आपला 'ताण' हे सर्व शब्द याच कुळातले. तंबूच्या दोऱ्यांना आपण 'तणावे' म्हणतो, तेही याच कुळाचे. म्हणजे 'टेन्शन' आणि 'ताण' हे एकमेकांना परके नसून फार पूर्वी दुरावलेले भाऊबंद आहेत.

इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द प्रथम शारीरिक अर्थाने, म्हणजे स्नायूंचे किंवा अवयवांचे ताणले जाणे या अर्थाने रुळला. मनाच्या ताणलेल्या अवस्थेसाठी तो अठराव्या शतकात वापरला जाऊ लागला. १८२० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आम्पेर यांनी विद्युत प्रवाह आणि विद्युत 'टेन्शन' यांत भेद केला. आजच्या 'हाय टेन्शन लाइन' या शब्दप्रयोगामागे हाच विद्युत दाबाचा अर्थ आहे. पुढे १९३८ मध्ये अमेरिकन समीक्षक ॲलन टेट यांनी हा शब्द काव्यसमीक्षेत आणला. 'एक्स्टेन्शन' आणि 'इन्टेन्शन' या तर्कशास्त्रीय संज्ञांचे उपसर्ग गाळून त्यांनी ही संज्ञा घडवली आणि कवितेतील वाच्य व सूचित अर्थ एकत्र नांदण्याला ते नाव दिले. दोर, स्नायू, मन, वीज आणि कविता असा हा प्रवास आहे. या प्रवासात दोन टोकांमध्ये ओढले जाण्याची मूळ प्रतिमा इंग्रजी भाषकाच्या नजरेआड सहसा होत नाही.

लक्षणेच्या दृष्टीने विचार :

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही प्रक्रिया लक्षणेची आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन या अटी सांगितल्या आहेत. मन हे दोरासारखे ताणता येत नाही, म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो. ताणलेला दोर आणि अस्वस्थ मन यांच्या अवस्थेत साम्य आहे, म्हणून संबंध जुळतो. पुढे हा वापर रूढ होतो. इंग्रजीतील 'टेन्शन' आणि मराठीतील 'ताण' या दोन्ही शब्दांना हे विवेचन तंतोतंत लागू पडते.

मराठीतील 'टेन्शन' या शब्दाला मात्र ते लागू पडत नाही. मराठी भाषक दोरीला, तारेला किंवा स्नायूला 'टेन्शन' आहे असे सहसा म्हणत नाही. तिथे तो 'ताण'च म्हणतो. जेथे मुख्यार्थच पोहोचलेला नाही, तेथे बाध कशाचा होणार? शेतावरून जाणारी 'हाय टेन्शन' तार त्याला माहीत असते, पण तिच्यातून त्याला ओढ नव्हे तर धोका जाणवतो. अर्थात, मराठीने या शब्दाचा केवळ मानसिक अर्थ उचलला आणि त्या अर्थाला आधार देणारी शारीर प्रतिमा मागे ठेवली. त्यामुळे मूळ भाषेतील रूपक मराठीत येताच निव्वळ नाव बनले.

'ताण' : शेतीतील साक्ष :

शारीर अर्थ शाबूत असलेला शब्द किती समर्थ असतो, याचे उदाहरण कर्जत-श्रीगोंदा परिसरातील फळबागांतच सापडते. लिंबाचा किंवा डाळिंबाचा बहार धरण्यासाठी शेतकरी बागेचे पाणी काही काळ तोडतो. यालाच 'बागेला ताण देणे' म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पानगळ होते, अन्नसाठा होतो. त्यानंतर हलके पाणी देऊन 'ताण तोडला' जातो आणि झाडाला फूल येते. ताण किती द्यायचा हे जमिनीच्या मगदुरावर अवलंबून असते. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. ताण कमी पडला तर बहार फुटत नाही आणि जास्त झाला तर झाडच जाते.

या एका शब्दप्रयोगात ताणाचा कर्ता आहे, कारण आहे, मुदत आहे, प्रमाण आहे आणि तो तोडण्याचा उपायही आहे. 'टेन्शन' या शब्दात यांपैकी काहीही नाही. ते 'येते', कोणी तरी ते 'देते' आणि मुख्य म्हणजे माणूस ते 'घेतो'. ते तोडता मात्र येत नाही. "टेन्शन घेऊ नको" या सर्वपरिचित सल्ल्याची व्याकरणिक रचना लक्षणीय आहे. या रचनेत त्रास ही बाहेरून पडलेली ओढ न राहता माणसाने स्वेच्छेने उचललेली वस्तू ठरते. कर्जाचा हप्ता, लांबलेले कालव्याचे आवर्तन, मुलीचे लग्न ही ओढणारी टोके वाक्यातून नाहीशी होतात आणि जबाबदारी सोसणाऱ्यावरच येते.

पूर्वीची शब्दसंपदा :

मराठीने मनाच्या अवस्था नेहमीच शरीराच्या आधाराने सांगितल्या आहेत. पोटात गोळा येणे, काळजाचे पाणी होणे, हातपाय गळणे, जीव टांगणीला लागणे हे वाक्प्रचार पाहिले असता हे स्पष्ट होते. 'घोर' बहुधा आपल्या माणसाचा असतो, 'धास्ती' पुढे येणाऱ्या संकटाची असते, 'विवंचना' निर्वाहाची असते, तर 'हुरहूर' दूर असलेल्याची असते. प्रत्येक शब्द त्रासाचा प्रकार सांगतो. 'टेन्शन' फक्त त्रास आहे एवढेच सांगतो. परीक्षेची भीती, दुष्काळाची चिंता, घरातील भांडण आणि उपचारांची गरज असलेले नैराश्य या भिन्न गोष्टी एकाच शब्दाखाली जमा होतात. 'हायपरटेन्शन' म्हणजे उच्च रक्तदाब. पण मनाला चिंता नसेल तर हा आजार नसणारच, असा गैरसमजही याच शब्दसाम्यातून होऊ शकतो.

दुसरी बाजू :

असे असले तरी या शब्दाची उपयुक्तता नाकारता येत नाही. वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये दक्षिण भारतातील अभ्यासाच्या आधारे, माणसे आपला त्रास समाजाला मान्य असलेल्या भाषेतून व्यक्त करतात, असे दाखवले. 'टेन्शन' हा तसा शब्द आहे. मानसिक आजाराला आजही वेडाचा कलंक चिकटलेला असताना, "मला टेन्शन आहे" असे म्हणताना कोणालाही लाज वाटत नाही. घोर किंवा नैराश्य बोलून दाखवणे ज्या पुरुषाला जड जाते, तोही हे वाक्य उच्चारतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही. याचा अर्थ, मनावरील ताणाला आता कायद्यानेही मान्यता दिली आहे. म्हणून हा शब्द हद्दपार करण्याची मागणी अव्यवहार्य तर आहेच, शिवाय ती बोलू पाहणाऱ्याचे तोंड बंद करणारीही ठरेल.

निष्कर्ष :

१. 'टेन्शन' आणि 'ताण' हे एकाच मुळाचे शब्द असले तरी मराठीत 'टेन्शन'चा मानसिक अर्थच प्रामुख्याने आला आणि शारीर अर्थ 'ताण' या शब्दाकडे राहिला.

२. शारीर प्रतिमा गमावल्यामुळे 'टेन्शन' हा शब्द त्रासाचे कारण, प्रमाण व उपाय सूचित करू शकत नाही.

३. 'टेन्शन घेणे' ही रचना परिस्थितीची जबाबदारी व्यक्तीवर ढकलते.

४. त्रास व्यक्त करण्याची प्रतिष्ठित वाट म्हणून या शब्दाचे सामाजिक मूल्य मान्य करावे लागते.

या निष्कर्षांचा संबंध अध्यापकाच्या रोजच्या कामाशी आहे. वर्गाबाहेर थांबलेला विद्यार्थी "सर, टेन्शन आहे" म्हणतो, तेव्हा त्याने केवळ दार उघडलेले असते. "टेन्शन घेऊ नकोस" या उत्तराने ते बंद होते. "कसला ताण पडलाय?" या प्रश्नाने मात्र शब्दामागे दडलेला घोर, धास्ती किंवा विवंचना बाहेर येण्याची शक्यता निर्माण होते. बागेचा ताण कधी तोडायचा हे जाणणाऱ्या परिसरात माणसाचा ताणही वेळेवर ओळखला जावा, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.